आत फंक्शन, वेशीवर ऑब्जेक्ट

४ मार्च, मंगळवार
टीममधल्या नव्या पोराने विचारलं, "सर, बिलिंग फंक्शनल करायचं की ऑब्जेक्ट ओरिएंटेडच ठेवायचं?" चेहरा असा, जणू धर्मांतर करायचंय. अरे, २०१४ साली जावा ८ मध्ये लॅम्डा आले तेव्हापासून दोघं एकाच घरात नांदतायत. कुणाकडे कुठलं काम द्यायचं, वाद असलाच तर तेवढाच.

५ मार्च, बुधवार
बिलाचा क्लास उघडला. सेटरच सेटर! सवलतीची मेथड बिलातलीच रक्कम बदलते. चुकून दोनदा बोलावली की गिऱ्हाइकाला सवलत दोनदा. बिलाचा रेकॉर्ड केला. सवलत आता फंक्शन: बिल घेतं, नवं बिल देतं, जुन्याला हात लावत नाही. टेस्ट लिहायला मॉक लागला नाही, डेटाबेसही नाही. पण रेकॉर्ड झाला म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. आतली लिस्ट साधी असेल तर बाहेरून कुणीही तिच्यात ओळ घुसवतो. कन्स्ट्रक्टरमध्ये 'लिस्ट.कॉपीऑफ' टाकलं तेव्हा कुठे भोक बुजलं.

७ मार्च, शुक्रवार
पोरगा आता पेटलाय. पेमेंट गेटवेचंही फंक्शन करू म्हणतो. करता येईलही, पण कनेक्शन उघडं आहे का, टोकन संपलं का, हे कुणीतरी सांभाळायला हवंच. तो ऑब्जेक्ट राहू दे.

१० मार्च, सोमवार
फिलिप वॅडलरने १९९८ मध्ये ज्याला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' म्हटलं, तो आज आमच्या फळ्यावर. पैसे भरायचे प्रकार वाढत जाणार: यूपीआय, कार्ड, उद्या आणखी काही. तिथे इंटरफेस बरा. नवा क्लास जोडला, जुन्याला धक्का नाही. बिलाचे प्रकार मात्र ठरलेले, आणि अकाउंट्सवाले दर महिन्याला नवा रिपोर्ट मागणार. तिथे सील्ड इंटरफेस आणि स्विच. डिफॉल्ट लिहायचं नाही. मग एखादा प्रकार राहिला तर जावा २१ चा कंपायलरच अडवतो. स्कालावाले हे कधीपासून करतायत. आपल्याकडे आलं २०२३ मध्ये.

११ मार्च, मंगळवार
रिव्ह्यूला पोराचा कोड आला. स्ट्रीम लावलाय, आणि फोरईचमधून बाहेरच्या लिस्टमध्ये 'ॲड' चाललंय. पॅरलल केला की ओळी गहाळ व्हायला मोकळ्या. हा संसार मला मान्य नाही. एकतर 'टूलिस्ट'ने नवी लिस्ट घे, नाहीतर सरळ फॉर लूप लिही, असा शेरा मारून परत पाठवला.