शिल्लक

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे उसाच्या मळ्यांतील साखर कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापिली. कारखाना आणि वसाहत यांत येथे हाकेचे अंतर.

सोबत भाचा होता. मुंबईत एका कंपनीच्या खासगी विमानाचा वैमानिक. बोलावणे अवेळी येते, म्हणून विमानतळाजवळ राहणे भाग. पगाराचा मोठा वाटा घरभाड्यात जातो. तो म्हणाला, “मामा, इथल्यांचा पगार लहान, पण घर कामापाशी.”

आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. तत्पूर्वी कारखान्याभोवती वालचंदनगर वसविले. स्थळ पाहताना आपण पगार विचारतो. चोपडीत मात्र आवक नव्हे, शिल्लक पाहतो.