टिकणे आणि जगणे

तिसगावात आमचे भुसार मालाचे दुकान आहे. पाथर्डी तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. येथील कोरडी हवा शेतकऱ्याला रडवते, पण धान्य साठवणाऱ्याला उपकारक ठरते. कडक वाळवलेली तूरडाळ महिनोन्‌महिने चांगली राहते. त्याच पोत्याला ओल लागली, की थोड्याच दिवसांत कुबट वास सुटतो. बुरशीचे बीजाणू बहुधा आधीपासूनच मालात असतात, पाण्याची वाट पाहत.

माझी नात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. मंगळावर एखादा चिवट जिवाणू तगेल काय, हा प्रश्न तिने घरात आणला, तेव्हा मला हे पोतेच आठवले. मग तिच्याच मदतीने मी या विषयाचे वाचन केले.

या शोधात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. मंगळाच्या पृष्ठभागावर हवा जितकी विरळ, तितकीच ती आपल्याकडे सुमारे ३५ किलोमीटर उंचीवर असते. शिवाय तेथे अतिनील किरणांचा मारा असतो. तरीही त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांतील तीन जिवाणू जाती नवीन असल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. एकीला आर्यभटांचे नाव मिळाले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले.

पुढे जपानी शास्त्रज्ञांनी डायनोकॉकस नावाच्या जिवाणूंचे वाळवलेले थर अंतराळ स्थानकाच्या बाहेर तीन वर्षे ठेवले. वरच्या थरातील जिवाणू मेले. त्यांच्या आडोशाने आतले वाचले.

मात्र येथे आपण व्यापाऱ्यांना सहज कळणारा एक भेद आहे. दुष्काळात दुकान बंद ठेवून मुद्दल राखणे वेगळे आणि धंदा चालवणे वेगळे. मंगळावर कडाक्याची थंडी, मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आणि पृष्ठभागावर वाहते पाणी नाही. तेथे पृथ्वीवरील काही जिवाणू मातीच्या आडोशाने दीर्घकाळ निद्रिस्त टिकू शकतील. पण अन्न घेणे, वाढणे, वंश चालवणे यांसाठी पाणी हवे. ते जमिनीखाली कोठे लाभले, तरच जगणे शक्य.

म्हणूनच १९७५ साली मंगळाकडे निघालेली दोन्ही व्हायकिंग अवतरक याने सुमारे ३० तास ११० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात भाजून निर्जंतुक केली गेली. आपले जिवाणू तेथे पोहोचले, तर पुढे सापडलेला जीव त्यांचा की आपला, हे ओळखणे कठीण होईल. आणि तेथे मूळचा जीव असेल, तर त्याला उपद्रवही होईल. अवकाशातील अशा घातक प्रदूषणाला १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई केली आहे.

पाणी गाळून, उकळून पिण्याच्या संस्कारात वाढलेल्या आपल्याला ही दक्षता परकी वाटू नये. न दिसणाऱ्या जीवांचाही विचार करून पाऊल टाकावे, याला आपण यतना म्हणतो. मंगळावर जीव आहे की नाही, याचा निकाल लागायचा आहे. पण तो लागेपर्यंत तेथे जीव आहे असे मानूनच वागणे, हे मला विज्ञानाचेही शहाणपण वाटते.