शेवटचा हात

बांबू जन्माला येतो तोच रोगण लावून. जून झालेल्या बांबूवरून हात फिरवून पाहा; मेण आणि सिलिकेचा तो तुकतुकीत थर पावसाचा थेंब अंगावर ठरू देत नाही. आणि बांबूचा फ्लाय रॉड, म्हणजे मासेमारीची लवचिक काठी, घडवणारा कारागीर काय करतो, तर हीच साल खरवडून काढतो. पुढे काठी पुरी झाली की डब्यातलं रोगण तिच्या अंगावर चढवत बसतो. फुकटचं फेकायचं आणि विकतचं लावायचं, हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो खरा. पण त्या सालीवर ना सरस धरतो, ना वॉर्निश. शिवाय तिच्या लगेच खाली बांबूचे सगळ्यात दाट, सगळ्यात चिवट तंतू असतात. साल काढायची, तंतूंना धक्का लावायचा नाही, आणि उघड्या पडलेल्या त्या तंतूंना असं पांघरूण द्यायचं की त्यांना त्याचं ओझं होऊ नये. रॉडच्या रोगणाची सगळी विद्या या शेवटच्या अटीत आहे.

आपल्याकडे कोकणात वहाळाच्या काठी बसलेल्या पोराच्या हातात असते ती अखंड काठी. तोडली, वाळवली, दोरा बांधला, गळ टाकला. मोडली तर बेटात दुसरी उभी आहेच. तिला रोगण कशाला लागतं? फ्लाय रॉडचं तसं नाही. बांबू फोडून त्याच्या सहा पट्ट्या काढायच्या, प्रत्येक पट्टी लोखंडी साच्यात ठेवून रंध्याने साठ अंशांची तिकोनी करायची, टोकाकडे निमुळती करत न्यायची, तीही इंचाच्या हजाराव्या भागात मोजत. मग सहाही पट्ट्या चिकटवून षट्कोनी काठी उभी राहते. ही जोडकाठीची रीत अमेरिकेत रुजवली ती पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तो बंदुका घडवायचा आणि व्हायोलिनही करायचा. वॉर्निशशी त्याची ओळख व्हायोलिनमुळेच झाली असणार, असा आपला माझा तर्क. पुढे मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने पट्ट्या कापायचं यंत्र बसवलं आणि सहा पट्ट्यांचा रॉड दुकानात मिळू लागला.

त्या काळी यासाठी बांबू जायचा तो आपल्याकडून. कलकत्त्याच्या बंदरात जहाजावर चढायचा, म्हणून तो ‘कलकत्ता केन’. विदर्भातल्या जंगलात ज्याला मानवेल म्हणतात तोच हा, असं सहसा मानलं जातं. अंगावर भाजल्याचे काळे डाग घेऊनच तो परदेशी उतरायचा. विसाव्या शतकात त्याची जागा चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने घेतली. तो सरळ वाढतो, पेरी लांब असतात, तंतू दाट असतात. योगायोग असा की उत्तम वॉर्निशमध्ये पडणारं टंग तेलही चीनमधल्याच एका झाडाच्या बियांचं. काठी आणि तिचं पांघरूण एकाच देशातून निघायचं आणि अमेरिकेतल्या एखाद्या तळघरात त्यांची गाठ पडायची.

हे वॉर्निश कपाटा-टेबलांचं नव्हे. त्याला ‘स्पार वॉर्निश’ म्हणतात, कारण ते मूळचं शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी. डोलकाठी वाऱ्याने झुकते, उन्हात तापते, खाऱ्या पाण्याने भिजते. तिच्यावरचं रोगण झुकलं नाही तर तडकणारच. रॉडची गत तीच. दिवसभर नदीत उभं राहून शेकडो वेळा फेक करायची आणि प्रत्येक फेकीला काठी वाकून उलगडणार. टणक, आरशासारखं चकचकीत रोगण इथे एका हंगामात भेगाळतं आणि त्या भेगांतून ओल शिरते. ओलावलेला बांबू वाकला की वाकडाच राहतो.

जुन्या काळी ही भीती अधिक खरी होती. पट्ट्या जनावरांच्या कातड्याच्या सरसाने चिकटवलेल्या असत आणि त्याचं ओलीशी वैर. रोगण फुटलं की आतला सरस विरघळून सहा पट्ट्या सहा वाटांनी जायच्या. म्हणून जुन्या रॉडवर दर दोन-चार इंचांवर रेशमाचे वेढे दिसतात. आज आपण त्यांना नक्षी म्हणतो. मुळात ती मलमपट्टी होती. पुढे पाण्याला दाद न देणारे गोंद आले, वेढे विरळ झाले आणि रोगणाच्या डोक्यावरचा अर्धा भार उतरला.

उरला तो प्रश्न जाडीचा. साडेसात फुटांच्या रॉडचं वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम आणि शेंड्याची जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर. एवढ्याशा शेंड्यावर रोगणाचा जाड थर बसला तर तो ताकद काहीच देत नाही, नुसतं वजन देतो, आणि तेही नेमकं जिथे नको तिथे. म्हणून बरेच कारागीर ब्रश बाजूला ठेवतात. एक लांब उभी नळी वॉर्निशने भरायची, काठी तिच्यात बुडवायची आणि मोटरवर गुंडाळल्या जाणाऱ्या दोऱ्याने सावकाश वर ओढायची. मिनिटाला तीन-चार इंच. पावणेचार फुटांचा एक भाग बाहेर यायला पाव तास लागतो. वाटेत दोरा ओवायच्या प्रत्येक कडीपाशी थांबायचं, तिथे साठलेलं रोगण निथळून जाऊ द्यायचं, नाहीतर तिथूनच ओघळ सुटतो.

इथे एक गोष्ट सहज पटत नाही. घाईने ओढलं तर रोगण कमी लागेल असं वाटतं, होतं उलटंच. वेगाने ओढलेली काठी जाड थर घेऊन वर येते, हळू ओढलेली पातळ. द्रवातून बाहेर काढलेल्या पृष्ठभागावर किती थर राहतो याचं गणित लेव्ह लांडाऊ आणि बेंजामिन लेव्हिच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये मांडलं. त्यानुसार वेग निम्मा केला की थर साधारण एक तृतीयांशाहून थोडा जास्तच पातळ होतो. आपल्या कारागिरांना गणित ठाऊक असो-नसो, पाव तास खोलीत कुणाला येऊ न देण्याचं शहाणपण त्यांच्याकडे होतंच.

कारण खरा शत्रू धूळ. तेलाचं रोगण नुसतं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेऊन घट्ट होतं. उघड्या डब्यावर दुधासारखी साय धरते ती यामुळेच. या कामाला वेळ लागतो आणि तोवर खोलीतलं प्रत्येक कुसळ त्या चिकट अंगावर येऊन बसायला टपलेलं असतं. जमीन ओली करायची, पंखा बंद, लोकरीचे कपडे नकोत, डबा हलवायचा नाही कारण फुगे धरतात. एक थर वाळला की अगदी बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासायचं, पुसायचं, पुन्हा बुडवायचं. दोन किंवा तीन हात. शेवटी काही जण प्युमिसची पूड तेलात कालवून घोटतात आणि चकाकी मुद्दाम मारून टाकतात. मला हेच जास्त भावतं. लख्ख चमकणारा रॉड दुकानाच्या काचेमागे शोभतो. नदीवर त्याची लकाकी माशाला आधी दिसते.

रेशमाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. कड्या बांधायचा पांढरा रेशमी दोरा वॉर्निश प्यायला की जवळजवळ नाहीसा होतो आणि खालचा बांबू आरपार दिसतो. न्यूयॉर्कच्या एव्हरेट गॅरिसनने हीच पद्धत धरली. तो पेशाने इंजिनिअर. त्याच्या कामावरचं पुस्तक होगी कारमायकेल धाकटे यांनी 1977 मध्ये पूर्ण केलं आणि त्यावरून कितीतरी हौशी माणसं रॉड करायला शिकली. ज्याला दोऱ्याचा लाल-हिरवा रंग टिकवायचा असतो, तो आधी दोऱ्यावर रंग राखणारं वेगळं द्रावण लावतो.

जपानी कारागिराची तऱ्हा अगदी निराळी. तो बांबू फोडत नाही. वेगवेगळ्या जातींच्या गोल काठ्या एकमेकींत बसवतो आणि उरुशी नावाचं लाखेसारखं रोगण चढवतो. हा एका झाडाचा चीक. अमेरिकन माणूस वॉर्निशसाठी कोरडी हवा शोधतो, तर उरुशीला दमटपणा लागतो. ओल्या, उबदार पेटीतच ती घट्ट होते. आपल्या जुलैमध्ये ती सुखाने वाळली असती. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या, काजूच्या कुळातलं. बिब्बा उतला की काय होतं हे ज्याने सोसलंय, त्याला उरुशी शिकणाऱ्यांच्या हातांवरचे फोड वेगळे समजावून सांगायला नकोत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये काजूच्या टरफलाच्या तेलापासून उरुशीला स्वस्त पर्यायही निघाला, आणि तिथले हौशी लोक आपल्या गळाच्या काठ्यांना तो आवडीने लावतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तेच तेल होड्यांच्या फळ्यांना लावत आले आहेत.

रोगणाची कटकटच नको म्हणणारेही झाले. अमेरिकेतल्या ऑर्व्हिस कंपनीत वेस जॉर्डनने बांबूतच बेकेलाइटची राळ मुरवली. वर वॉर्निश लावायचं कामच उरलं नाही. ते रॉड टिकतात, यात वाद नाही. मला ते जरा मुके वाटतात, एवढंच.

आपल्याकडे साहेबाच्या काळात महाशीर पकडायला इंग्लंडहून बांबूचे रॉड आले. एच. एस. थॉमस यांचं हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक 1873 सालचं. अशा रॉडपैकी एखादा अजून कुणाच्या माळ्यावर, कापडी पिशवीत असेल. तुमच्या घरी असला तर एक करा. काळवंडलेलं वॉर्निश पाहून तो पॉलिशवाल्याकडे देऊ नका. जुना थर काढणाऱ्या द्रावणाने रेशीम सुटतं, सरस ढिला पडतो, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही उतरते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात नळीत बंद न ठेवता हवेशीर जागी उभा टांगा, आणि ‘एक हात मारून नवा करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.