किल्लीसकट

घट बसायच्या आधीचा आठवडा ही माझी सुगी. फलटणमधले माळे तेव्हा उतरवले जातात. गोधड्या कालव्यावर धुवायला जातात, पितळेची भांडी चिंचेनं घासली जातात, आणि कुठल्याशा पोत्यामागून पिवळा पडलेला एक मॉनिटर बाहेर येतो. घरातली बाई म्हणते, "आता ह्याचं काय करायचं?" भंगारवाल्याची हाक अजून गल्लीच्या टोकाला असते. त्या दोन आवाजांच्या मधे मी तिथं पोचलेलं असावं लागतं.

पोटासाठी मी इन्व्हर्टर आणि यूपीएसची कामं करतो. बॅटरीत पाणी भरायला जिन्याखाली वाकावं लागतं आणि जुने संगणक लोक नेमके जिन्याखालीच ठेवतात. त्यामुळे कोणाच्या घरी काय पडून आहे, ते मला न विचारता कळतं. ते लगेच मागायचं नाही, हे मात्र शिकायला काही वर्षं गेली. "देताय का?" असं विचारलं की माणूस सावध होतो, त्याला एकदम त्या वस्तूची किंमत आठवते. "कधी घेतला होता हो?" असं विचारलं की गोष्ट सुरू होते. पतसंस्थेचं कर्ज काढून मुलासाठी घेतला, पुण्याहून एसटीत मांडीवर धरून आणला, पहिले आठ दिवस त्यावर फक्त पत्त्यांचा डाव खेळलो. दोन चहा होतात. शेवटी तेच म्हणतात, "न्या की, तुमच्याकडं तरी चालू राहील." साखर कारखान्याकडच्या एका आजोबांनी दिलेला पेंटियम नेताना त्यांनी मॉनिटरवरचं विणलेलं कव्हरही माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या सूनबाईंनी ते विणलं होतं. ते अजून त्याच मॉनिटरवर आहे.

सरकारी कार्यालयात ही गोष्ट कामाची नाही. तिथं बंद पडलेलं यंत्रसुद्धा जडवस्तू नोंदवहीत जिवंत असतं. निर्लेखन व्हायचं, मग लिलाव. तोवर ते कोपऱ्यात धूळ खात पडणार आणि साहेबाची इच्छा असली तरी उचलून देता येणार नाही. मोठ्या कंपन्यांना ई-कचऱ्याच्या नियमांमुळे पुनर्प्रक्रियावाल्यासारख्या नोंदणी असलेल्यांकडेच माल द्यावा लागतो. म्हणजे माझ्या वाट्याला उरतात घरं, दुकानं, छापखाने, आणि एमएससीआयटीचे बंद पडलेले क्लास. तेवढं पुष्कळ आहे. बायकोच्या मते जास्तच आहे.

यंत्र घरी आलं की आधी मी त्याच्या कपाळाकडे बघतो. दसऱ्याला आपल्याकडे संगणकाचीही पूजा होते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला हळदीकुंकवाचे थर असतात. ठळक थर असतील तर यंत्र धंद्याचं होतं. एकच फिकट बोट असेल तर हौसेनं घेतलं आणि वर्षभरात बंद पडलं. आत उघडलं की दुसरी कुंडली निघते. पालीची अंडी, झुरळांची वस्ती, कारखान्याकडच्या यंत्रात बगॅसची काळी राख. ती ओल्या फडक्यानं पुसायची नाही, चिकटून बसते. कोरड्या ब्रशनं झाडायची, उरलेली हवेनं उडवायची.

आणि लगेच वीज द्यायची नाही. हा नियम मी एका सोसायटीच्या संगणकाची किंमत मोजून शिकलो. बारा वर्षं बंद असलेलं यंत्र उत्साहानं थेट प्लगला लावलं. फट्ट आवाज झाला, जळक्या माशांसारखा वास सुटला, आणि पॉवर सप्लायबरोबर हार्ड डिस्कही गेली. कपॅसिटर वर्षानुवर्षं बंद राहिले की आतून कमजोर होतात, हे मला तोंडपाठ होतं. हाताला ते त्या दिवशी कळलं. आता सप्लाय वेगळा काढतो, त्याला जुनी डिस्क भार म्हणून लावतो आणि मीटरवर पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट नीट दिसल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही. जुन्या एटी सप्लायच्या दोन जोडण्या शेजारीशेजारी बसवायच्या असतात, आणि उलट बसल्या तर बोर्ड जळतो. त्यासाठी एकच मंत्र, काळीला काळी. दोन्हींच्या काळ्या तारा मधे एकमेकींना भिडल्या पाहिजेत.

३८६ आणि ४८६ च्या बोर्डांवर बऱ्याचदा पिंपासारखी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटली की आतलं अल्कली पाझरतं आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडू लागतात. तिथं व्हिनेगर बोटभर कापसानं लावायचं, फेस निमाला की स्पिरिटनं पुसायचं. रॅमच्या पट्ट्यांना मात्र शाळेतलं साधं खोडरबर लागतं. सोनेरी दात हलके घासायचे, कचरा फुंकायचा, पट्टी खटकन बसवायची. मग चालू करून ऐकायचं. एक लांब आणि दोन आखूड शिट्या आल्या तर बहुतेक वेळा डिस्प्ले कार्डाचं दुखणं असतं. एकच आखूड शिटी आली की मी चहा टाकायला सांगतो.

डिस्क चालली तर पुढचा प्रश्न नाजूक असतो. कोणाचे हप्ते थकले, कोणी कोणाला काय लिहिलं, हे सगळं तिथं पडलेलं असतं. त्यामुळे घेतानाच बोलून ठेवतो. जे हवं ते पेनड्राइव्हवर काढून देईन, बाकीचं तुमच्यादेखत पुसेन. भंगारात गेलं असतं तर एवढंही झालं नसतं.

मागच्या वर्षी रविवार पेठेतल्या एका काकांनी त्यांच्या छापखान्यातला ४८६ दिला. लग्नपत्रिका, स्मरणिका, दहाव्याच्या चिठ्ठ्या, सगळं त्यावर व्हायचं. यंत्र सुरू झालं, फायलीही दिसल्या. पण त्यातली एक माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. तेव्हा मराठीचं हे असंच होतं. पुण्यात सीडॅक १९८८ साली स्थापन झालं, जिस्ट कार्डानं डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली, १९९१ साली भारतीय लिप्यांच्या संकेतांसाठी इस्की हे प्रमाणही ठरलं. पण छपाईच्या दुनियेत श्रीलिपी, आकृती असे ज्याचे त्याचे फॉन्ट आणि ज्याचे त्याचे आकडे. एकाचा 'क' दुसऱ्याकडे भलतंच काही. आता रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं आली की ती अडखळतात.

मग त्याच यंत्रावर मूळ सॉफ्टवेअर चालू केलं. ते म्हणालं, लॉक नाही. प्रिंटरच्या जोडणीत बसवायचा काडेपेटीएवढा तुकडा असायचा. तो नसेल तर प्रोग्राम उघडतच नसे. काकांकडे परत गेलो. "ती किल्ली होय? गल्ल्यात असंल," म्हणाले, आणि खरंच चिल्लरीच्या वाटीखालून त्यांनी ती काढून दिली.

घरी येताना महानुभावांच्या मंदिरावरून आलो. हे चक्रपाणी प्रभूंचं जन्मगाव. या पंथानं आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं. किल्ली माहीत नसेल तर मराठी असूनही मराठी माणसाला ते वाचता येत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा बाहेरच्यांना तो खजिना दिसला. पण मठांत पोथी आणि किल्ली बरोबरीनं पुढच्या हातात दिली जात होती, म्हणून ती तोवर जिवंत होती. मी इतकी वर्षं यंत्रं गोळा करतोय असं समजत होतो. खिशात तो काडेपेटीएवढा तुकडा चाचपताना वाटलं, पोथ्या तर सगळ्यांच्याच माळ्यावर आहेत, जातात त्या किल्ल्या. आता कोणी संगणक देतो म्हणालं, की मी वायरी, फ्लॉप्या, पुस्तिका, गल्ल्यातला चुरा, सगळं मागून घेतो.

काकांना घरी बोलावलं. तुकडा लावला, फाइल उघडली. १९९६ सालची एक लग्नपत्रिका पडद्यावर आली, वर गणपती, खाली वेलबुट्टी. काका चष्मा सरसावून वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. 'आग्रहाचे निमंत्रण' ऐवजी तिथं 'आग्रहाचे नियंत्रण' होतं.

"पाचशे पत्रिका अशाच गेल्या," ते म्हणाले. "कोणी काही बोललं नाही. अजून सलतं बघा." थोडा वेळ ते त्या अक्षराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दुरुस्त करा की तेवढं."

मी फाइलीची प्रत काढली आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्या पाटीवर मराठी कुठं काय आहे ते माझ्यापेक्षा त्यांच्या बोटांना जास्त ठाऊक होतं. 'य' पुसला, 'म' बसवला. आता डिस्कवर दोन्ही आहेत. एकीला नाव दिलंय मूळ, दुसरीला पाठभेद.