काळुंदर

काळुंदर मी पहिल्यांदा पाहिलं ते मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणझडपेच्या, दारात, ओहोटीला, मामांच्या कंदिलाच्या उजेडात. तळहाताएवढं, चपटं, शेवाळी अंगाचं. काळपट उभे पट्टे आणि खवल्यांवर मोत्यासारखे ठिपके. तोंड मात्र इवलंसं, रुसल्यासारखं. "काटा सांभाळ रे," मामा म्हणेपर्यंत पाठीवरचा काटा माझ्या बोटात रुतलाही होता.

गोव्याच्या खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतजमिनीतलं, निमखाऱ्या पाण्यातलं हे लेकरू. ब्लॉख या जर्मन अभ्यासकानं १७९० साली त्याला सुरतेचं नाव चिकटवलं. नातं नावापुरतंच, खरं गोत दक्षिणेच्या खाड्यांत आणि श्रीलंकेत. केरळात तर तो राज्यमासा, करिमीन. जवळचे भाऊबंद थेट मादागास्करात!

एका दुपारी मामांनी मला पोंयीच्या, मानशीलगतच्या डबक्याच्या, काठी उकिडवं बसवलं. पाणी निवळलेलं. जोडप्यानं बुडालेला एक चिरा तोंडानं घासघासून लख्ख केला होता आणि त्यावर शेकडो अंडी डकवली होती. एकेक अंडं बारीकशा देठावर. एकजण परांनी वारा घालतोय, दुसरा घिरट्या घालतोय. मध्येच पाळी बदलायची. अंडी फुटली की पिल्लं तळाच्या खड्ड्यात न्यायची, मग आठवडेच्या आठवडे त्यांचा ढग सांभाळत हिंडायचं.

मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया याच कुळातली. तिची मादी अंडी तोंडातच बाळगते. संकट आलं की बिऱ्हाड घेऊन निघते. काळुंदराला ती सोय नाही. त्याचं घर चिऱ्याला डकवलेलं.

आणि तो चिरा बांधाच्या भरवशावर. भरती चढली की मानशीचं लाकडी दार पाण्याच्या दाबानं आपसूक मिटायचं, ओहोटीला उघडायचं. मामा पावणीत, म्हणजे लिलावात, मानस घ्यायचे, दाराला जाळं लावायचे. पण बांधाला भोक दिसलं तर जाळं टाकून आधी चिखल थापायला धावायचे.

मामा गेले. पुढे एका पावसाळ्यात बांध फुटला, तो कुणी बांधला नाही. कोरगुट भाताच्या शेतात आता खारफुटी उभी आहे. वाईट दिसते असं नाही, हिरवीगार आहे. दाराची एक फळी तेवढी राहिली आहे.

परवा ओहोटीला खाली उतरलो. तोच चिरा असावा. बोटभर गाळ बसला होता. तळव्यानं पुसून काढला, धुतला, पुन्हा पुसला. भरती लागेपर्यंत तिथंच बसून होतो.