दुसऱ्या नावाने

दिवाळीच्या सुट्टीत नातू कळसाडीला आला होता. मोबाइलवर बुद्धिबळाचे डाव एकामागून एक जिंकत होता. मी कौतुक केलं, तर हसून म्हणाला, "आबा, हे माझं दुसरं खातं आहे. इथे मी नवशिका, म्हणून समोर नवशिकेच येतात!"

याला 'स्मर्फिंग' म्हणतात म्हणे. १९९६ साली 'वॉरक्राफ्ट २' या खेळातल्या दोघा पटाईतांशी कुणी खेळेना. मग त्यांनी कार्टूनमधल्या स्मर्फांची नावं घेतली आणि समोरच्यांना बेसावध गाठून हरवलं. तेव्हापासून हा शब्द रूढ झाला.

त्याला रागावणार होतो, पण जीभ अडखळली. नोकरीत असताना मीही एकदा कबड्डीच्या चौदा वर्षांखालच्या संघात सोळा वर्षांचा मुलगा उतरवला होता. आम्ही ढाल जिंकलो. समोरच्या संघातला एक किरकोळ पोरगा मैदानाच्या कडेला बसून रडत होता. आपण कमी पडलो, असंच त्याला वाटलं असणार.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, त्या मुलाला कधी सांगितलंत?"

नाही सांगितलं. म्हणून आज इथे लिहितोय.