बुडाला कुठंय?

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता मी अकरा वर्षं एकाच पद्धतीनं शिकवली. फळ्यावर एक वाकडीतिकडी रेघ ओढायची आणि तिच्यावर एकेक गोष्ट मांडत जायची. झरा, बेटं, टेकडीकडचं इवलंसं गाव, शेतं, पायवाट, कुरणं, आणि शेवटी डोह. मग खाली रंग लिहायचे: हिरवा, निळा, पांढरा, काळा. आणि वर्गाला विचारायचं, ही वाट जाते कुठे? मागच्या बाकावरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, “मॅडम, मृत्यूकडे.” मी समाधानानं खडू खाली ठेवायची.

हे वाचन काही माझं एकटीचं नव्हतं. या आठ ओळींवर मराठी समीक्षेनं किती शाई खर्च केली आहे! कुणी म्हणतं, हे निव्वळ निसर्गचित्र आहे, त्यात उगाच काही शोधू नका. कुणाला त्यात संसाराकडे तटस्थपणे पाहणारा विरागी दिसतो. उंबर न म्हणता ‘औदुंबर’ म्हटलं की दत्तगुरू आठवतात, त्यामुळे त्या विरागीपणाला आधारही मिळतो. आणि कुणाला दिसतो मृत्यू. या तिसऱ्या वाचनाच्या मागे कवीचं चरित्र उभं असतं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. तो अपघात होता की आणखी काही, ही कुजबुज शंभर वर्षं थांबलेली नाही. त्यामुळे ‘फुलराणी’ आणि ‘श्रावणमास’ लिहिणारा हसरा कवी बाजूला राहतो, आणि ‘पारवा’तली पडकी धर्मशाळा तेवढी खरी वाटू लागते.

माझं वाचन मात्र चरित्रातून आलेलं नव्हतं. ते आमच्या गावच्या डोहातून आलं होतं.

२००९च्या पावसाळ्यात माझे काका, तात्या, कृष्णेच्या डोहात सापडले. ते पट्टीचे पोहणारे होते. त्या वर्षी सोसायटीचं कर्जही थकलं होतं. घसरले की उतरले, हे कुणालाच कळलं नाही. पण गावानं निकाल देऊन टाकला, आणि मग त्यांचं सगळं आयुष्य त्या निकालाच्या उजेडात तपासलं जाऊ लागलं. तात्या कमी बोलायचे, ते म्हणून. लग्नाच्या फोटोत हसले नाहीत, ते म्हणून. संध्याकाळी नदीवर एकटेच बसायचे, ते तर म्हणूनच. मीही त्यात होते. वर्गात ‘डोह’ हा शब्द उच्चारताना माझा आवाज बदलायचा. मुलांना वाटायचं, मॅडम कवितेत रंगल्या.

२०२०च्या टाळेबंदीत मी गावी काकूंकडे अडकले. कणगीवर मोबाइल टेकवून तास घ्यायची. काकू शेजारी शेंगा फोडत बसायच्या. एक दिवस ‘औदुंबर’ झाली. तास संपल्यावर काकू म्हणाल्या, “परत म्हण बघू ती.”

मी म्हटली. त्यांनी दोन शेंगा फोडल्या आणि म्हणाल्या, “आगं, त्यो पाण्यात पाय सोडून बसलाय न्हवं? बुडाला कुठंय?”

मी प्रतीक वगैरे सांगायला लागले. काकूंनी ऐकून घेतलं. मग टरफलं सुपात गोळा करत म्हणाल्या, “तुझं काका रोज पाणी पाजून आलं की त्या धोंड्यावर पाय सोडून बसायचं. पस्तीस वर्सं. रोज उठून घरी आलं, भाकरी खाल्ली. ते कुणी मोजंना. येका दिवसाचं तेवढं समदी मोजत्यात.”

त्या रात्री मी कविता पुन्हा वाचली, या वेळी कुणाचाही मृत्यू बाजूला ठेवून. तेव्हा जे दिसलं ते इतकं उघड होतं की लाज वाटली. या कवितेत झरा वाहतो, वाट चालते, सावट लाटांवर पसरतं. औदुंबर तेवढा बसलेला आहे. वाट डोहाकडे जाते खरी, पण ती पाण्यात उतरल्याचं कवीनं कुठेही म्हटलेलं नाही. आणि पाण्यावरचा तो काळेपणा? ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे मी मुलांना कधी विचारलंच नव्हतं. काळिमा आपणहून पसरतो असं वाचता येतं. औदुंबर तो पसरवतो असंही वाचता येतं. दुसरं वाचन धरलं तर तो अंधार म्हणजे एका जिवंत, पानांनी भरलेल्या झाडाची सावली आहे. कवीनं त्या काळेपणाला गोड म्हटलंय, ते मग कोड्यासारखं राहत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला उंबराची सावली गोडच लागते.

आणि शेवटी झाडाआधी येणारा तो ‘असला’. असला म्हणजे कसला? कवी सांगत नाही. तो नुसतं बोट दाखवतो. आम्ही समीक्षक आणि मास्तर ते बोट धरून आपापल्या डोहाकडे निघतो.

मृत्यूचं वाचन चूक आहे, असं मी म्हणणार नाही. डोह काळाच आहे, आणि त्याच्या काठाशी बसणं म्हणजे बागेत बसणं नव्हे. पण ते वाचन सिद्ध व्हायचं असेल तर त्या आठ ओळींतून व्हावं, भादलीच्या रुळांवरून नव्हे. शेवट कळला म्हणून आधीचं सगळं त्याच्याकडेच चाललं होतं, असं मानणं सोपं असतं. ते कवितेवर अन्यायाचं आहे, आणि माणसावर तर त्याहून जास्त.

तात्यांचं काय झालं, ते मला आजही ठाऊक नाही. पण आता वर्गात मी वाट कुठे जाते हे विचारत नाही. मी विचारते, झाड काय करतंय? मुलं थोडा वेळ गोंधळतात. मग कुणीतरी म्हणतं, “बसलंय, मॅडम.” तिथून आम्ही कविता सुरू करतो.